त्याला माझी खोली कशी कळली?

आज कॉलेजात खरंच घाबरले, म्हणून लिहितेय.

डिजिटल संस्कृतीच्या तासाला मॅडम म्हणाल्या, "शेजारी बसलेल्याच्या पोस्ट बघा आणि वीस मिनिटांत काय कळतं ते लिहा." माझ्या शेजारी ओंकार होता. आम्ही कधी बोललोही नव्हतो.

त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं, "सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतेस. क्लासहून साडेसातला एकटी चालत येतेस. रूममेट अकोल्याला गेलीये, म्हणजे रविवारपर्यंत एकटीच आहेस."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच."

खोलीवर येऊन फॉलोअर्सची यादी वाचली. सहाशेंपैकी जेमतेम चाळीस ओळखीचे निघाले. बाकीच्यांनाही मी आजवर आपली माणसं समजत होते.

बॅग भरून मैत्रिणीकडे आलेय. कुठे, ते लिहीत नाही.

तुमची यादी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?