बोरच्या जंगलातले तीन फोटो

कॅमेऱ्याची नवी ३०० एमएमची लेन्स आली आणि कापडाच्या दुकानात माझं लक्ष लागेना. वाघाचा एक तरी धड फोटो काढायचाच, म्हणून २००४च्या मे महिन्यात मी आणि माझा मित्र नरेश त्याच्या जीपने बोरला निघालो. वर्ध्याहून सेलू, तिथून हिंगणी, पुढे बोर धरण. पहाटेच निघा, ऊन चढलं की फोटो पांढरे पडतात. लेन्स टेकवायला तांदूळ भरलेली छोटी पिशवी न्या.

गेटवर गाईड म्हणून देवरावभाऊ जीपमध्ये बसले. तासाभराने एका वळणापुढे वाघीण दिसली. रस्त्यातच बसलेली, तोंड आमच्याकडे. नरेशने इंजिन बंद केलं.

"हलू नका. बसू द्या तिले," देवरावभाऊ पुटपुटले.

लेन्समधून तिच्या मिशा दिसत होत्या. तेवढ्यात तिच्या बरंच मागे, बांबूच्या सावलीत, काहीतरी हललं. सायकलवर माणूस होता. मान खाली घालून तो तिच्याच दिशेने येत होता. नुसत्या डोळ्यांना तो दिसण्यासारखा नव्हता. फक्त मला दिसला होता.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ऊन नेमकं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. तिसऱ्यांदा दाबलं आणि मग म्हणालो, "तिच्या मागे माणूस आहे."

नरेशने हॉर्न दाबून धरला. वाघीण उठली आणि वळली, सायकलवाल्याकडेच. देवरावभाऊ सीटवर उभे राहून ओरडले, "पळू नको बे. उभाच राह्य."

सायकल आडवी पडली. तो जागच्या जागी थिजला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग ती डावीकडे बांबूत शिरली.

आम्ही जीप जवळ नेली. तो पाणवठ्यावर निघालेला वनमजूर होता. पाणी पिताना बाटली त्याच्या दातांवर वाजत होती. "तुमी पाह्यलं म्हनून वाचलो, साहेब."

"कवा दिसला हा तुमाले?" देवरावभाऊंनी विचारलं.

"सांगितलं तेव्हाच," मी म्हणालो.

येताना सेलूला तर्री-पोहे चांगले मिळतात. मी मागवले, पण खाल्ले गेले नाहीत.

प्रिंट आल्या तेव्हा बायकोने तिन्ही फोटो ओळीने मांडले. वाघीण तिन्हींत सुरेख. तिच्या मागचा धूसर ठिपका मात्र दर फोटोत मोठा होत होता.

"हा मांगं कोन हाय?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याले जाऊन सांगा."

रविवारी फोटो घेऊन हिंगणीला त्याच्या घरी गेलो आणि खरं ते सांगितलं. वनमजुराने फोटो बराच वेळ पाहिले. "वाघीन चांगली आली," म्हणाला, आणि तिन्ही माझ्या हातात परत दिले. "पन तीन काऊन काढले, साहेब? एकात भागत नव्हतं काय?"