मंठ्यातलं ‘फूलिश’

माझीच फजिती माझ्याच तोंडानं सांगायची, तर आधी चहा संपवा. हसताना ठसका लागला तर मी जिम्मेदार न्हाई!

मंठ्यात मी फुलांचं दुकान टाकलं. नाव काय द्यावं? देवीची सगळी नावं लोकांनी आधीच घेतलेली. अन् मला पाहिजे होतं झ्याक, इंग्रजी! लई डोकं खाजवलं. स्टाइलचं स्टायलिश होतं, तर मंग फुलाचं?

फूलिश!

पेंटरनं विचारलं, "काकू, नक्की हेच लिहू?"

"बिलकुल! मोठ्ठ्या इंग्रजी अक्षरांत!"

तो गालात हसला. मला वाटलं, नाव आवडलं त्याला. कॉलेजच्या पोरी बोर्डासमोर फोटो काढायच्या. मी तर फुलूनच गेल्ते!

अन् मंग नवरदेवाची गाडी सजवायचं काम आलं. असा मोका सोडते का मी? बोनेटवर झेंडूच्या फुलांनी हातभर अक्षरांत दुकानाचं नाव काढलं. गाडी मंडपासमोर थांबली, नवरदेव उतरला, अन् नवरीकडची मंडळी पोट धरून हसायला लागली. नवरदेवाचे वडील इंग्रजीचे मास्तर. कौतुक ऐकायला मी मंडपापाशीच उभी होते, तर तरातरा माझ्याकडंच आले.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"फूलिश!"

"अर्थ माहितीय का?"

"न माहिती असायला काय झालं?"

"मूर्ख!"

"ओ मास्तर, तोंड सांभाळून! मूर्ख कोणाला म्हणता?"

"अहो, मूर्ख! मूर्ख!"

"वरून आणखी दोनदा? तुम्ही मूर्ख! तुमचं अख्खं वऱ्हाड मूर्ख!"

बँड थांबला. शेवटी बाशिंग सावरत नवरदेवच मधी पडला, "काकू, पप्पा शिवी न्हाई देऊन राह्यले. अर्थ सांगून राह्यले!"

आता सांगा, कुठं तोंड लपवावं? पण मी हटले का? म्हणलं, "तो अर्थ तिकडं इंग्लंडात! मंठ्यात फूल म्हणजे फूलच!" अन् मान ताठ ठेवून माझ्याच हातानं एकेक झेंडू उपटला.

घरी आमचे हे म्हणले, "उतरव तो बोर्ड. हसून राह्यलं गाव."

"हसू द्या! बोर्ड हलायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. हे बाजूलाच बसलेले.

"हॅलो, मंठ्यातल्या त्या मूर्ख फुलवाल्या तुम्हीच का?"

मी पदर खोचला अन् ठणकावून सांगितलं, "हो, मीच! बोला, हार किती पाहिजेत?"