सर, उद्या जरा जास्त सांगा

धारवाडहून हुबळीच्या शाळेत शिकवायला जा-ये करून माझा अगदी पिट्टा पडला होता, म्हणून एकदाची जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. नवनगरात एक निवृत्त गणिताचे सर आपली छोटी मरून गाडी विकत होते. फोनवर किंमत विचारली, तर म्हणाले, “दोन लाख चाळीस हजार. तेवढीच तिची किंमत आहे.” तसल्या गाडीला बाकी सगळे तीन-तीन लाख सांगत होते. तारिहाळच्या ओळखीच्या मेकॅनिकनं जाऊन ती खालून-वरून बघितली आणि म्हणाला, “अक्का, डोळे मिटून घ्या.”

दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. मला घाम फुटला. कारण भाव तुम्हीच करायचा, असं मी माझ्या वडिलांना सांगून बसले होते.

अप्पांनी हुबळीच्या मार्केट यार्डात जन्मभर मिरचीची अडत केली. शेतकरी एक आकडा सांगणार, व्यापारी दुसरा, आणि मध्ये बसून दोघांना एका आकड्यावर आणायचं, हे त्यांचं काम. आम्ही साडी घ्यायला गेलो की दुकानदार आधी अप्पा बरोबर आहेत का ते बघायचा. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, अडत बंद केली, आणि माणूस मिटतच गेला. दारात भाजीवाली आली तर “मागेल ते देऊन टाक” म्हणायला लागले. अहो, मेथीच्या एका जुडीसाठी अर्धा तास हुज्जत घालणारा हा माणूस! “मला आता काय विचारता, मला काय कळतं,” हे एक वाक्य तोंडात बसलं होतं. रागावत नाहीत, भांडत नाहीत, नुसते खिडकीशी बसून राहतात. मला फार भीती वाटायची. गाडी काय, आज ना उद्या कुठलीही मिळाली असती. मला अप्पा परत हवे होते.

आणि पदरी पडले हे धर्मराज, भाव करायला जागाच न ठेवणारे!

आदल्या दिवशी मी सरांना परत फोन लावला. “सर, उद्या माझे वडील येणार आहेत. तुम्ही जरा जास्त सांगा.”

“जास्त? का म्हणून?” सर खरोखर गोंधळले. “मी हिशेब केलाय. गाडी तेवढ्याचीच आहे.”

मी सगळी कथा सांगितली. सर म्हणाले, “वडिलांबद्दल वाईट वाटतं हो, पण खोटा आकडा माझ्या तोंडून निघायचा नाही.” तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला. त्यांच्या पत्नी. “हां, मला सांगा काय ते,” म्हणाल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या खुदकन हसल्या. “माझं माहेर हुबळीचं. भांड्यांचं दुकान होतं आमचं. तुम्ही वडिलांना घेऊन या, बाकी मी बघते.”

रविवारी सकाळी अप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, खांद्यावर उपरणं टाकलं. रिक्षात मला बजावलं, “तिथं गाडी चांगली आहे म्हणून तोंड उघडू नकोस. आणि सौदा होईपर्यंत त्यांच्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा प्यालं की जीभ नरम पडते.” कितीतरी दिवसांनी मला ओरडा बसला होता. इतकं बरं वाटलं, काय सांगू!

“बर्री, बर्री, या या,” करत सरांच्या पत्नी फाटकातच उभ्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मग गाडीची पाहणी झाली. अप्पांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि पोत्यातल्या मिरचीचा घ्यावा तसा दीर्घ वास घेतला. सर मागून म्हणाले, “डाव्या बाजूला फाटकाला घासून खरचटलंय. एसीही जरा उशिरा गार होतो.”

“अहो, तुम्ही पाणी आणा बघू,” अक्का कडाडल्या.

व्हरांड्यात सगळे बसलो. अक्कांनी तीन लाख सांगितले. अप्पा दोन म्हणाले. आकडा आला की अप्पा कानडीत शिरतात आणि टोमणा मारायचा झाला की मराठीत येतात. अक्काही तशाच निघाल्या. “दोन लाखात माझ्या माहेरची पातेलीसुद्धा यायची नाहीत!” “मग पातेली ठेवा की, मला गाडीच हवी आहे.” एकदा तर अप्पा “चल गं” म्हणत उठले, पायऱ्या उतरून गेले, अक्कांनी हाक मारल्यावर कुरकुरत परत आले. गुडघे दुखतात म्हणे! सर बिचारे पाण्याचा तांब्या घेऊन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. दोन-तीनदा काही बोलायला गेले, पण अक्कांनी डोळे वटारले.

अक्का पावणेतीनवर येऊन अडल्या. अप्पा दोन-दहाच्या वर सरकेनात. मग अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि म्हणाले, “सर, हात द्या.”

पूर्वी यार्डात चारचौघांना भाव कळू नये म्हणून हातांवर कापड टाकून आत बोटं धरायचे. जितकी बोटं धरली, तितका आकडा. अक्कांचा हात धरणं बरं दिसलं नसतं, म्हणून सरांचा. “दोन लाख तर धरूनच चाला, वरचं बोटांवर,” अप्पांनी समजावलं. “एका बोटाचे दहा हजार. तुम्ही काही बोलू नका.”

उपरण्याखाली काय चाललंय ते आम्हाला दिसेना. अप्पांनी डोळे मिटले होते. तंद्री अशी लागलेली, की मला माझ्या लहानपणचे, मिरचीच्या ढिगाशी बसलेले अप्पाच दिसले. मग त्यांनी डोळे उघडले.

“झालं. दोन चाळीस.”

“अहो, हेच तर!” सर टुणकन उठले. “हेच तर मी तुमच्या मुलीला फोनवर सांगितलं होतं! पहिल्याच दिवशी!”

अक्कांनी कपाळावर हात मारला. केला ना घोटाळा या सत्यवादी माणसानं! अप्पांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं?”

“हो अप्पा.”

“आणि ह्या बाई मुद्दाम चढवून सांगत होत्या?”

अक्का खाली बघत हो म्हणाल्या. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा कधी खिडकीपासून हलायचा नाही. अप्पा उपरण्याची घडी घालत बसले. मग सरांना म्हणाले, “दोन बोटं धरली तेव्हा तुमचा हात ताठ होता. तीन धरली तरी ताठच. चार धरली आणि सैल पडला. तिथंच मी थांबलो.”

सर आपल्या हाताकडे बघत राहिले.

“मला हा आकडा कुणी सांगितला नव्हता ना गं?” अप्पांनी मला विचारलं.

“नाही अप्पा. तुमच्या गळ्याशपथ. कुणीच नाही.”

“सगळी मिळून मला फसवत होतात.” त्यांना हसू फुटायला लागलं होतं. “तरी मला खरा भाव लागला!”

आणि ते इतके मोठ्यानं हसले की शेजारचे फाटकाशी आले. मी मात्र तिथंच, परक्या व्हरांड्यात, तोंडाला पदर लावून रडत सुटले.