चौघांनी वाचलेला दाखला

जाईबाईला वाचता येत नव्हतं आणि वाचता येणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हता. म्हणून घरात कसलाही कागद आला की ती तो चौघांकडून वाचून घ्यायची, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता. पहिले तिच्या सानपाडा गावातले वामन मास्तर. दुसरा रेशन दुकानदार. तिसरा बसथांब्यावर उभा असलेला कुणीही अनोळखी माणूस. “त्याला माज्याशी खोटं बोलून काय भेटनार?” असं तिचं म्हणणं. चौथी जागा रिकामी होती. सत्त्याहत्तर साली आम्ही वाशीच्या नव्या घरात राहायला आलो, मी तिच्याकडून कोळंबी घेऊ लागले, आणि तिसऱ्याच आठवड्यात ती जागा मला मिळाली.

टोपली उतरवून तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला.

“वाच, बाय.”

सरकारी कचेरीचा दाखला होता. तिच्या सासऱ्याच्या नावावरची भातजमीन नव्या शहरासाठी गेली होती. त्या घरातल्या पस्तिशीच्या आतल्या एका व्यक्तीला जवळच्या कारखान्यांत नोकरीसाठी प्राधान्य द्यावं, असं त्यात लिहिलं होतं.

“एकाला?”

“एकाला.”

“भाऊ दोन असले तरी?”

“तरी एकालाच.”

“मागं काय लिवलंय?”

“मागे कोरं आहे.”

तिने कागद उलटा करून स्वतः पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “चौघंबी एकच बोलता,” ती म्हणाली. जणू आम्ही चौघं आदल्या दिवशी कुठेतरी जमून ठरवून आलो होतो.

भाऊ खरंच दोन होते. थोरला शिवराम, जाईबाईचा नवरा, तेव्हा चौतीस वर्षांचा. जमीन आणि मिठागर दोन्ही गेल्यावर तो मिळेल तिथे ओझी उचलत होता. धाकटा कान्हा मात्र महाप्याच्या रस्त्यावरच्या रंगाच्या कंपनीत दोन वर्षांपासून कामाला होता.

“मग शिवरामभाऊंसाठी अर्ज करा की,” मी म्हटलं. “अजून वय बसतंय.”

“कागद वापरून झालाय.” तिने तो प्लास्टिकमध्ये परत गुंडाळला. “कान्हानं. गुपचूप.”

त्याची हकीगत तिने मला पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितली. रंगाच्या कंपनीला मीठ लागायचं. पंचाहत्तर साली कान्हा मिठाच्या गोण्या उतरवायला तिथल्या गोदामात गेला होता. बाकीचे दोघं-दोघं मिळून गोण्या वर चढवत होते, आणि हा सहा फूट चार इंचांचा गडी जमिनीवर उभा राहून एकटाच पाचव्या थरावर फेकत होता. कंपनीच्या मोठ्या साहेबाला कॉलेजपासून बास्केटबॉलचं वेड. त्याने नुकतीच कंपनीची टीम काढली होती, मुंबईत बास्केटबॉल जिथे गल्लीगल्लीत खेळतात त्या नागपाड्याहून पगारी कोच आणला होता. त्या कोचने गोदामाच्या दारात उभं राहून कान्हाच्या सतरा गोण्या पाहिल्या आणि अठराव्या गोणीऐवजी त्याच्या हातात चेंडू दिला.

पगार लागला. हजेरीच्या पुस्तकात हेल्पर, पण काम एकच, सकाळ-संध्याकाळ चेंडू खेळायचा. टीममधली सगळीच मुलं अशी होती. कुणी कागदावर क्लार्क, कुणी कागदावर स्टोअरकीपर.

जाईबाईला हे पटेना. चेंडू टाकायचा पगार कोण देतो? आणि नेमणुकीच्या आदल्या दिवशी कान्हाने तो दाखला तिच्याकडून मागून नेला होता, गावचा राहणारा असल्याचा पुरावा दाखवायला. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. तिने पेटीत ठेवताना पाहिलं. ती नेहमी तीन घड्या घालायची. कागद चार घड्या होऊन आला होता.

“कचेरीत कागद उलगडला, नक्कल काडली, मंग कुना दुसऱ्यानं घडी घातली,” ती म्हणाली. “चेंडूबिंडू समदं वरवरचं. नोकरी दाखल्यावर लागली हाय.”

“त्याला विचारलंत?”

“इचारलं तर सांगल काय? तुजा दीर हाय का माजा?”

“मग अर्ज करून बघा. नाही म्हणाले तर नाही.”

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. एकाच दाखल्यावर दोन अर्ज गेले की खोटेपणा म्हणून दोघांनाही काढतील, वर पोलीस, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्या वर्षी शिवराम पस्तिशी ओलांडून गेला. अर्ज झाला नाही.

तिने केलं होतं ते एवढंच की कान्हाला नोकरी लागली त्याच वर्षी चूल वेगळी केली. एकाच स्वयंपाकघरात दोन चुली, मध्ये पाट उभा. पलीकडे कान्हाची बायको गोजरा. दिवाळीला कंपनीकडून मिळालेला स्टीलचा डबा गोजराने जावेसमोर ठेवला, तर जाईबाई म्हणाली, “राहू दे गं. आमच्या हातानं उचलला तर डब्याचं बूड गळायचं.” कान्हा दारातून आत येताना वाकायचा विसरला की चौकट डोक्याला लागायची, त्यावरही ती म्हणायची, “घरची चौकट वळखू येत नाय आता.” कान्हा कपाळ चोळत हसायचा. त्याला वाटायचं, गोणी टाकून चेंडू धरला म्हणून वहिनी रागावलीय.

आणि ती पाळतीवर राहिली. नोकरी खरी की देखावा, हे डोळ्यांनी बघायला विक्री संपवून कंपनीच्या मैदानामागे तारेच्या कुंपणाशी जाऊन बसायची. पहिल्या दिवशी तिने शेजारी उभ्या असलेल्या वॉचमनला विचारलं, “टोपलीला बूड का नाय?”

“चेंडू खाली पडायला पाहिजे ना, मावशी.”

“मंग टाकायचा कशाला?”

पण ती येत राहिली. संशय असलेला माणूस लक्ष देऊन बघतो. कान्हाच्या टीमचा उदय आणि अस्त जेवढा जाईबाईला पाठ होता तेवढा त्या मोठ्या साहेबालाही नसेल. शहात्तर साली टीम सगळ्या मॅच हरली. सत्त्याहत्तरला दोन जिंकली. कोणता पोरगा डाव्या हाताचा, कोण फाउल करून वर हात करतो, कोण हाफटाइमला चोरून बिडी ओढतो, सगळं तिला ठाऊक. पॉइंट मोजायला चिंचोके आणायची. एकदा तारेमागून तिने आरडाओरडा केला की टेबलावरचा माणूस आपली एक टोपली खाऊन बसलाय. रेफ्रीने खेळ थांबवला, कागद तपासला. खरंच दोन पॉइंट लिहायचे राहिले होते. टीम ती मॅच सात पॉइंटांनी हरली ते वेगळं. पण त्यानंतर कोच मॅच संपल्यावर आधी कुंपणाशी यायचा.

“काय जाईबाई, हिसाब बरोबर?”

“आज बरोबर लिवला. मी बसले व्हते ना.”

एकोणऐंशीत कंपन्यांच्या स्पर्धेची शील्ड आली. गेटच्या आत टीमचा फोटो लागला, कान्हा मागच्या रांगेत मधोमध. कंपनीने सिमेंटचं मैदान केलं, दिवे लावले. ठाण्याहून लोक बघायला यायचे. जाईबाईने मला सांगितलं, “शेवटच्या मिंटाला कान्हानं टाकला. दोन्ही पाय वर. माजे चिंचोके सांडले.” आणि वर, “खेळतो बरा. दाखला चोरला ते चोरला.”

त्र्याऐंशीपासून गळती लागली. कोच एका बँकेकडे गेला, मागोमाग चांगले तिघं. तिथे कायमची नोकरी होती. कान्हालाही बोलावणं आलं होतं, तो गेला नाही. जाईबाईला हा शेवटचा पुरावा मिळाला. “खेळावर लागला असता तर गेला नसता? याचं दावं हितं दाखल्याला बांधलंय.” बँकेला मॅट्रिक लागत होतं आणि कान्हा सातवी नापास होता, हे त्याने लाजेपोटी गोजरालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मोठा साहेब निवृत्त झाला. पुढच्या मोसमात टीमला जर्सी जुन्याच. शहाऐंशीच्या मार्चमध्ये नोटीस लागली: टीम बंद. खेळाडू म्हणून घेतलेल्यांची नेमणूक वर्षावर्षाची होती, ती महिनाअखेर संपेल. ज्यांची नेमणूक अन्य कारणाने झाली असेल किंवा ज्यांना प्राधान्याचा हक्क असेल त्यांनी एकतीस तारखेआधी कागद दाखल करावेत.

कान्हा संध्याकाळी घरी आला तो पाटाच्या अलीकडे, जाईबाईच्या बाजूला बसला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

“वहिनी, बाबाचा दाखला हाय का गं घरात?”

“तुज्या कंपनीत हाय की. अकरा वर्सं.”

“माज्या कंपनीत?”

“नक्कल दिलीस ना? का आता ती बी इसरलास?”

कान्हाने तिच्याकडे बघितलं, मग गोजराकडे. “कसली नक्कल? तवा गेटवरच्या क्लार्कनं नुसतं गावाचं नाव बघितलं. तिथंच, उभ्या उभ्या.”

“मंग चार घड्या कशा झाल्या?”

“खिशात बसंना म्हनून मीच दुमडला.” तो गोंधळून गेला होता. “मना वाटलं दाखल्यावर दादाचा अर्ज पडून हाय. निम्म्या गावाचे पडून हायेत तसा. कोनी काय बोलंना म्हनून मी बी इचारलं नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाईने कान्हाचं पंचाहत्तर सालचं नेमणूकपत्र मागून घेतलं आणि निघाली. माझ्याकडे आली तेव्हा टोपली रिकामी होती. त्या दिवशी तिने माल घेतलाच नव्हता.

“वाच.”

उंची सहा फूट चार इंच. पद हेल्पर, बास्केटबॉल टीमसाठी, एक वर्षाकरता, नूतनीकरणास पात्र. खाली छापलेला रकाना होता: जमीनधारक प्राधान्य. त्यासमोर टाइप केलं होतं, “लागू नाही.”

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“आडनाव कान्हाचंच हाय ना? दुसऱ्या कुना कान्हाचं नाय?”

“त्याचंच आहे.”

तिने पत्र हातात घेतलं आणि तीन घड्या घातल्या. “म्हंजे माजा कागद कोराच व्हता,” ती म्हणाली. “तू सांगितलंस त्या साली शिवरामचं वय बसत व्हतं.”



पुढचं गोजराने मला सांगितलं. रात्रीच्या जेवणाला जाईबाईने नवऱ्याला वाढलं आणि त्याच्यासमोर बसून सांगून टाकलं. कान्हानं दाखला लावला नव्हता. दाखला तसाच हाय. तुमचं वय गेलं, कान्हाचं बत्तीस हाय.

शिवराम तेव्हा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाली करायचा. त्रेचाळिसाव्या वर्षीच उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. त्याने विचारलं, “तू कोनाला इचारलं व्हतंस? कंपनीत?”

“नाय.”

“कान्हाला?”

“नाय.”

“समद्या गावाला कागद वाचाया लावलास,” शिवराम म्हणाला, “आनि मना येकदा बोलली नाय.”

तो अर्ध्या भाकरीवरून उठला. तीन दिवस घरात बोलला नाही. पाटाच्या दोन्ही बाजूंना बायका आवाज न करता भांडी घासत होत्या. कान्हाने गोजराला सांगितलं, आपन नको मागायचा, दादाचा हक्क हाय तो. कोचला चिठ्ठी लिहून कुठे काही होतंय का बघू. जाईबाईने पलीकडून ते ऐकलं आणि जोरात म्हणाली, “कागद उपाशी ठेवून काय करायचं?” पण दाखला तिनेही पेटीतून काढला नाही. कंपनीत चौकशी करून आली होती. थोरल्या भावाचा हक्क आधी होता म्हणून त्याने ना-हरकतीवर अंगठा द्यायला हवा होता. अंगठा तिचा नव्हता.

एकतीस तारखेला सकाळी शिवराम मार्केटला गेला नाही. त्याने धुतलेला सदरा घातला, दारात उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, “चल. कागद घे.”

तिघं कंपनीत गेले. मैदानावर रंगाची पिंपं रचायला सुरुवात झाली होती, आणि रिंगच्या खांबाला ताडपत्रीची दोरी बांधलेली होती. पर्सोनेलच्या, म्हणजे नोकरभरतीच्या कचेरीत क्लार्कने दाखला उलगडला, शिवरामसमोर शाईचा डबा सरकवला. शिवरामने अंगठा उमटवला आणि शाई पुसायला काही सापडेना म्हणून हात तसाच धरून उभा राहिला. कान्हाने खिशातला रुमाल काढला. शिवरामने तो घेतला नाही. भिंतीला पुसला अंगठा.

“पोच द्या,” जाईबाई म्हणाली.

“मिळेल आठवड्यात.”

“आता द्या. आमी हितंच बसतो. मना बसायची सवय हाय, तारेमागं दहा वर्सं बसले.”

तासाभराने पोच मिळाली. कान्हाला रंगाच्या शेडमध्ये कायम केलं होतं.

ती माझ्याकडे दुपारी आली. मी हात पुसत बाहेर आले. तिने कागद पुढे केला.

“तिघांनी वाचला ना?” मी विचारलं. “मग मी काय वेगळं वाचणार?”

“तू वाच.”

मी सगळा वाचला. दाखल्याची मूळ प्रत स्वीकारली. कान्हा यांची नेमणूक कायम. दाखल्यावर यापुढे अन्य कुणाला लाभ नाही.

“शिवरामचं नाव कुठं हाय?”

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. बोटाला खवले चिकटलेले होते.

“त्याच्यापुढं काय लिवलंय?”

“स्वखुशीने हक्क सोडला.”

“स्वखुशीनं,” ती म्हणाली. “असंच लिवलंय? चांगलं बघ.”

“असंच लिहिलंय.”

बोट त्या ओळीवरून तिने बराच वेळ उचललं नाही. मग कागद घेतला, या वेळी घडी न घालताच, आणि पदराखाली सपाट धरून जिना उतरली.