लिनक्सवाल्या किशोरीबाई

कट्टा गावच्या बाजारात किशोरीबाईंचा कॉम्प्युटर क्लास कुठे, असं विचारलं तर लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. हसण्याचं कारण लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली. सगळा गाव विंडोज वापरत असताना या बाईंनी जुन्यापुराण्या मशिनांवर अठरा वर्षं लिनक्स चालवलं, मुलांना तेच शिकवलं, आणि "बाईंचा ता चलना नाय" म्हणणाऱ्या प्रत्येकाशी भर बाजारात भांडण केलं. चालतं हो, उत्तम चालतं. फक्त लॅपटॉप घेताना आत काय बसवलंय ते बघून घ्यावं लागतं. एवढी एकच गोष्ट त्या सांगत आल्या आणि एकाही शहाण्याने ती ऐकली नाही. सल्ला विचारायला सगळे येतात. घेतात मात्र मुंबईचा मेव्हणा सांगेल तो, नाहीतर ज्याच्या कीबोर्डाखाली लाल-निळे दिवे लागतात तो. मग वायफाय लागलं नाही की पुन्हा बाईंच्या दारात.

यंदा हा घोळ घरातच झाला. भक्ती म्हणजे त्यांची भाची, मसुऱ्याच्या घरी एकत्र राहणाऱ्या धाकट्या भावाची, गुरुदासची मुलगी. बाईंनीच शिकवून तयार केलेली. तिला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली, काम सगळं लिनक्सवर. कंपनीचं म्हणणं असं, की सोमवारपर्यंत स्वतःचा लॅपटॉप तयार असेल तर घरून काम करा, नसेल तर पुण्याला येऊन ऑफिसात बसा, मशीन आम्ही देऊ. गुरुदासची दोन्हीला तयारी होती. बाईंची नव्हती. लग्न केलेलं नाही, घरात जीव लावायला हीच एक पोर. ती गेली तर संध्याकाळी एसटीतून उतरून घरी यायचं कशासाठी, हे त्या कोणाला बोलल्या नाहीत. लॅपटॉप चाललाच पाहिजे, हे मात्र त्यांनी घर डोक्यावर घेऊन सांगितलं.

स्वतःच जायच्या, पण क्लासात नेमकी परीक्षा. मग गुरुदासला कागद लिहून दिला. आपल्या लॅपटॉपचंच मॉडेल घ्यायचं, वायफायचं कार्ड अमुकच हवं, ग्राफिक्सचं वेगळं कार्ड नको. सोबत लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह दिला. "दुकानात ह्यो लावन मशीन चालू कर. वायफायची नावा दिसली तरच पैसे दी."

गुरुदास कुडाळला जाऊन लॅपटॉप घेऊन आला. पेनड्राइव्ह खिशातून बाहेरसुद्धा निघाला नव्हता.

"दुकानवालो सील फोडूक देयना," तो म्हणाला. "तोच म्हणालो, मॉडेल ताच, लॉट नवो. बरो आसा."

बांगडा घेताना कल्ले उघडून रंग बघणारा, कोळणीशी अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस, आणि चाळीस हजारांची वस्तू खोका न उघडता उचलून आणतो! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी दुपारी त्यांनी पेनड्राइव्ह लावला. पडदा उजळला, आवाज आला, कॅमेरा लागला. वायफायची यादी कोरी. मॉडेल तेच होतं, पण नव्या लॉटमध्ये कंपनीने आतलं कार्ड बदललेलं, आणि या कार्डाला लिनक्स ओळख दाखवायला तयार नव्हतं.

"परत कर," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात भावजय सावित्री स्वयंपाकघरातून बाहेर आली. "परत? वन्सं, देवाक दाखवलेली वस्तू कोण परत करता? माझ्या चेडवाची पयली नोकरी!"

बाईंनी लॅपटॉप तिरका करून पाहिला. सावित्रीने सकाळीच त्याची यथासांग पूजा केली होती. कीबोर्डाच्या फटींत हळदकुंकू, स्पेसबारखाली अक्षता. हे परत घेणारा दुकानदार अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता. बाईंनी कपाळाला हात लावला. एकाने उघडून बघितला नाही आणि दुसरीने उघडून त्यात हळद भरली!

शेवटी त्यांनी बारका स्क्रूड्रायव्हर काढला. स्वतःच्या लॅपटॉपचं बूड उघडलं, टपालाच्या तिकिटाएवढं जुनं कार्ड काढलं आणि ते नव्यात बसवलं. केसाएवढ्या दोन तारा त्यावर दाबून बसवताना चष्मा तीनदा घसरला आणि दुकानदाराचा तीनदा उद्धार झाला. मग मशीन सुरू केलं. पडद्यावर घरच्या वायफायचं नाव आलं.

"लागला!" बाई ओरडल्या. "बघ गो, लागला! आता खंय जाऊक नको!"

भक्ती समोरच बसली होती. ती हसली, पण तिचा चेहरा पडलेला लपत नव्हता.

"काय झाला?"

"काय नाय, आत्ये."

"बोल गो. माझा डोक्या आधीच फिरलाहा."

भक्तीने दाराकडे बघून आवाज खाली केला. "माका पुण्याक जावचा होता."

बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मगे आधी सांगुक काय झाला?"

"तू इचारलंस खंय?"

बाईंना भयंकर राग आला, पोरीचा, आणि मग तिच्याहून जास्त स्वतःचा. रडूही आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. मशीन चालतंय म्हटल्यावर पोर पुण्याला का जाते, याचं उत्तर तिला घरभर द्यावं लागलं असतं. मग त्यांनी लॅपटॉप बंद केला, उलटा केला आणि बसवलेल्या दोन्ही तारा उपटून कार्ड बाहेर काढलं.

तेवढ्यात गुरुदास बाहेरून घरी आला. "काय गो ताय, चल्ला?"

"नाय. लिनक्स ह्येच्यार चलाचा नाय," बाई म्हणाल्या. "पोरीक पुण्याक धाड."

"बघ! मी काय सांगतंय? तुझ्या त्या लिनक्सात काय राम नाय. उद्या कट्ट्यार सगळ्यांका सांगतंय."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच किशोरीबाईंनी ते ऐकून घेतलं, आणि खाली पडलेले स्क्रू वेचायला घेतले.