विळीसाठी चौघं

ती दुपार आठवली की आजही कानकोंडं व्हायला होतं.

परदेशात, विंडसरच्या एका विद्यापीठात मी कॅम्पस पोलिसांत सार्जंट होतो. कुठल्या कॉलला किती माणसं पाठवायची, हे मी ठरवायचो. चोरीला गेलेल्या सायकलसाठी एक, भांडणाला दोघं आणि शस्त्राचा नुसता उल्लेख आला तरी चौघं. हा नियम नव्या पोरांकडून मीच घोकून घ्यायचो.

त्या दिवशी विवाहित विद्यार्थ्यांच्या इमारतीतून एका शेजारणीचा फोन आला. समोरचं दार उघडं आहे, एक म्हातारी जमिनीवर बसून कुणावर तरी ओरडते आहे, आणि तिच्यापुढे लाकडावर बसवलेलं वाकडं पातं आहे. पातं म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही. तिघांना घेतलं आणि निघालो.

एका सहकाऱ्याने दारातूनच बाईंना हात वर करायला सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या दचकून उठायला लागल्या आणि उठता उठता त्यांचा हात पात्याकडे गेला. सहकाऱ्याने मिरचीचा फवारा उपसला. बाईंनी ते पातं आडवं करून ठेवलं.

उभी विळी सोडून उठू नये, हे माझ्या आईने लहानपणीच बजावलं होतं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी सहकाऱ्याचा हात खाली केला आणि म्हणालो, “काकू, बसा. काही झालेलं नाही.”

चौकशीत निघालं ते इतकंच. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या सांगलीहून आल्या होत्या. तिच्या डोहाळजेवणासाठी नारळ खवत होत्या, आणि फोनवर ऐकायला कमी येणाऱ्या भावाशी बोलत होत्या. लॅबमधून धापा टाकत आलेली लेक त्यांच्यावरच चिडली. “आई, I told you, फूड प्रोसेसर वापर म्हणून!”

जिन्यात शेजारी जमले होते. काकूंनी खोबऱ्याचे हात पदराला पुसले.

“तुम्ही मराठी ना?” त्या मला म्हणाल्या. “मग एकटेच येऊन विचारायचं होतंत. करंजी दिली असती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यावर आईने मला भाजी चिरायला शिकवलं, ती विळी इंग्रजीत सांगितल्यावर मला ओळखू आली नव्हती.

पुढे निवृत्त होईपर्यंत माणसं मोजण्याआधी मी फोन करणाऱ्याला एक प्रश्न विचारायला लावायचो: हातातल्या वस्तूने ती व्यक्ती करते काय आहे? शेजारणीला तेवढं विचारलं असतं, तर पांढरं काहीतरी किसते आहे, असं तिनेच सांगितलं असतं.

गस्तीवर त्या इमारतीत जाणं व्हायचं. काकूंचं दार नंतर कधी उघडं दिसलं नाही.