आवाज बंद करून बघणारी बाई

माझी थोरली बहीण वेबसाइट बनवते, आणि सहा वर्षं ती घराबाहेर पडलेली नाही. अगदीच नाही असं नाही म्हणा; शेजारच्या काकू आईजवळ बसायला येतात तेव्हा चाळीस मिनिटं मिळतात. त्यात औषधं, बँक, भाजी आणि स्वतःचे केस कापून घेणं, सगळं बसवायचं. आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिला डावा हात, आणि त्या हातात चमचा. काही हवं असलं की ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवते. ताईचं टेबल मधल्या खोलीत, दारासमोर. तिने मान वळवली की आई दिसते, आणि आईलाही ती दिसते. दार लावायचं नाही. लावलं की चमचा.

मी धाकटी. लग्न करून लांब गेले, आणि रोज फोन करते. हे मी आपल्याच तोंडाने सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी टोमणा मारायला नको.

ताईला कामाची एक खोड आहे. गिऱ्हाईक कुणीही असो, ती आधी विचारते, ‘ही साइट बघणार कोण?’ आणि उत्तर मिळेपर्यंत एक रेघ ओढत नाही. एका किल्लीवाल्याला साइटवर त्याच्या आजोबांची सगळी कहाणी हवी होती. ताई त्याला म्हणाली, “दादा, तुमचं गिऱ्हाईक आत्ता दाराबाहेर उभंय. किल्ली आत राहिलीय, डोकं फिरलंय आणि मोबाइलची बॅटरी चार टक्के. त्याला आजोबा नकोत, तुमचा नंबर हवाय.” किल्लीवाला फुरंगटला, पण महिन्याभरात स्वतःहून दुसरं काम घेऊन आला.

गेल्या वर्षी आईला उचलून उचलून ताईला हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, आणि पुढे महिनाभर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. ताई म्हणे तिथेच हसली. आई बावन्न किलोंची आहे! ऑपरेशनची तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली.

नेमकं त्याच वेळी तिच्याकडे एका संस्थेचं काम आलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ही संस्था महिनाभर सांभाळते, म्हणजे घरच्या माणसाला तेवढी उसंत मिळते. आठ खाटा, त्यातल्या सहा रिकाम्या. साइट होती, पण तिचा उपयोग शून्य. संस्थेच्या साहेबांचा सगळा जीव संस्थेच्या बागेत, म्हणून आम्ही दोघी त्यांना बागवाले म्हणायचो.

“आमचे ग्राहक म्हणजे ज्येष्ठ मंडळी,” बागवाले म्हणाले. “अक्षरं मोठी करा आणि बाग वर घ्या.”

“साहेब, ज्याला कूस बदलता येत नाही, तो तुमची बाग शोधायला मोबाइल उघडेल का?”

“मग मुलगा बघेल. निर्णय मुलगाच घेतो.”

“सही मुलगा करत असेल. शोधतं कोण?”

ते बागवाल्यांना ठाऊक नव्हतं. मग ताईने त्यांच्याकडून एक यादी मागवली. ज्यांनी चौकशीचा फोन केला आणि नंतर फिरकले नाहीत, त्यांची. एकतीस नंबर निघाले. दुपारी आईचा डोळा लागला की ताई एकेकाला फोन करायची, खालच्या आवाजात, पदराआड विडी ओढावी तशी. अठ्ठावीस बायका निघाल्या. लेकी, सुना, दोघीतिघी नवऱ्याला सांभाळणाऱ्या. एका सुनेने न्हाणीघरात नळ सोडून ती साइट उघडली होती. उघडल्याबरोबर बागेचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, वर दणदणाटी संगीत. घाबरून तिने मोबाइल बादलीत टाकला. बाहेरून सासूबाई विचारतायत, कसलं वाजतंय गं? मी इतकी हसले, इतकी हसले, आणि मग लक्षात आलं की ताई हसत नाहीये.

“एकीनेही बाग विचारली नाही गं,” ती म्हणाली. “रात्री कूस कोण बदलतं, ते विचारलं. आई रडायला लागली तर मला कळवाल का, ते विचारलं. आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाही, नुसती तिच्याभोवती फिरतात. मी तिला टाकून देतेय का?”

बस, ताईला तिचा माणूस सापडला. एका हाताने मोबाइल धरणारी, आवाज बंद करून बघणारी, केव्हाही हाक येईल म्हणून कान तिकडे लावून वाचणारी बाई. ताईने व्हिडिओ काढला. बाग तळाशी गेली. फोन करायला लावण्याऐवजी लिहून विचारायची सोय केली, कारण त्या बाईला खोलीत बोलता येत नाही. अर्ज अर्धा सोडून उठावं लागलं तर भरलेलं तसंच राहायचं. आणि सगळ्यात वर एकच ओळ: ‘महिन्याने तुम्ही त्यांना न्यायला येणार आहात.’

बागवाले खूश. “अहो, ही बाई तुम्हाला सापडली कुठे? जणू त्यांच्या घरात बसून पाहिलंत!”

“अंदाज,” ताई म्हणाली.

हे ऐकून माझा तिळपापड झाला. “अंदाज काय? सांगायचं ना त्यांना! आणि आधी आईसाठी खाट राखून ठेव.”

“कामात घरचं रडगाणं नको,” ती म्हणाली. “साइट सुरू होऊ दे. पहिला अर्ज माझाच.”

साइट सुरू झाली, त्या सकाळी तिने खरंच अर्ज भरायला घेतला. आईचं वय, वजन, औषधं, सगळं लिहिलं. शेवटचं बटण दाबायचं राहिलं. आईला अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं? आई नुसती बघत राहील, आणि ते बघणं ताईला सोसत नाही. वरची ओळ तिने दहादा वाचली म्हणे. दुसरीने लिहिली असती तर धीर आला असता. स्वतःच लिहिलेल्या ओळीवर विश्वास कसा बसणार?

आज सांगते, उद्या सांगते, असे तीन आठवडे गेले. चौथ्या सोमवारी बागवाल्यांचा फोन आला. माणूस हर्षाने नुसता तरंगत होता. आठही खाटा भरल्या, पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत एक तारीख शिल्लक नाही. “कमाल केलीत तुम्ही! आता एवढंच करा, अर्ज बंद करा आणि जागा नाही अशी एक ओळ टाका.”

ताईने विचारलं, “एखादी खाट निघेल का हो? माझ्या आईसाठी.”

“तुमच्या आई?” बागवाले चपापले. “अहो, कधी बोलला नाहीत! आता कुणाला काढू मी?”

कुणाला काढणार? त्या अठ्ठावीस जणींतल्या एकोणीस जणी आता यादीत होत्या. ताईने त्यांचे आवाज ऐकले होते.

तिने जागा नसल्याची ओळ लिहायला घेतली. एका ओळीला पूर्ण दुपार गेली. वाचणारीला काय वाटेल हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? शेवटी तिने लिहिलं, ‘सध्या जागा नाही. तुम्ही विचारलंत, यात तुमचं काही चुकलं नाही.’ आणि मग मला फोन करून सगळं सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तितक्या शांतपणे.

“ताई, मी येते,” मी म्हणाले. “महिनाभर. तू ऑपरेशन करून घे.”

अगदी मनापासून म्हणाले मी.

“कधी?” तिने विचारलं.

सहा वर्षांत तिने मला ‘कधी?’ म्हणून विचारलं नव्हतं. माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. लेकीची परीक्षा, ऑफिसमधली तपासणी, सासऱ्यांचा मोतीबिंदू.

“बघते हं,” मी म्हणाले. “दोन दिवसांत सांगते.”

“बरं,” ताई म्हणाली.

याला आज पाच आठवडे झाले. तिने परत विचारलेलं नाही.